झिजणारा रंग

इलेक्ट्रिक गिटार मांडीवर घेतली की उजवा हात तिच्या वरच्या कडेवर आपसूक विसावतो. कोपराच्या थोडं खाली गारवा जाणवतो आणि वाटतं, आपण लाकडाला टेकलो. पण लाकूड अजून जरा आत असतं. हाताला लागतो तो लाकडावरचा थर: लॅकरचा, पॉलिएस्टरचा, तेलाचा, क्वचित लाखेचा. आयुष्यभर गिटार वाजवणाऱ्या माणसाचा उघड्या लाकडाशी संबंध येतो तो बोटांपुरता, तोही फ्रेटबोर्ड रोजवूडसारख्या लाकडाचा असेल तर. मॅपलच्या फ्रेटबोर्डवर पुन्हा लॅकर असतंच. बाकी सारा सहवास त्या पातळ थराशी.

गिटारवर गप्पा निघाल्या की लोक पिकअपबद्दल बोलतात, तारांबद्दल बोलतात, ॲम्प्लिफायरवर तर तासन् तास भांडतात. रंगाचा विषय ‘दिसायला छान’ एवढ्यावर आटोपतो. मला मात्र जुनी गिटार दिसली की आधी तिचा रंग पाहावासा वाटतो. तो कुठे उडालाय, कुठे पिवळा पडलाय, कुठे तडकलाय, कुठे जसाच्या तसा राहिलाय. कारखान्यातून बाहेर पडताना एकाच मापाच्या, एकाच रंगाच्या शंभर गिटारी सारख्याच दिसत असतील. पन्नास वर्षांनी त्यातल्या दोनही सारख्या राहत नाहीत. हे काम कारागिराचं नव्हे. ते ऊन, थंडी आणि घाम यांचं.

साध्या, पोकळ गिटारला रंगाची एवढी मुभा नव्हती. तिचा आवाज वरच्या पातळ फळीच्या थरथरण्यातून येतो. त्या फळीवर जाड लेप बसला तर फळी जड होते, आवाज दबतो. म्हणून तिथे लाकडाचा मूळ रंग आणि वर हलकं वार्निश, एवढंच. भरीव बॉडीच्या इलेक्ट्रिक गिटारीत पोलादी तारा लोहचुंबकासमोर कंप पावतात आणि पिकअपच्या तांब्याच्या वेटोळ्यात वीज खेळते. आवाजाची मुख्य वाट तीच. म्हणून बॉडी निळी करा, गुलाबी करा, सोन्याची झाक द्या, वाद्याची तक्रार नसते. या एका मोकळीकीमुळे इलेक्ट्रिक गिटार आजवरच्या तंतुवाद्यांतली सर्वात रंगीत ठरली.

हा रंग चढतो कसा, ते जवळून पाहण्यासारखं असतं. आधी बॉडी घासायची. पॉलिश पेपर जाड दाण्यापासून बारीक दाण्यापर्यंत, दर वेळी लाकडाच्या रेषांच्या दिशेने. आडवा हात फिरला तर तो ओरखडा आत्ता दिसत नाही, रंग चढल्यावर डोळ्यांत भरतो. मग लाकडाची छिद्रं भरायची. ॲशच्या लाकडाची छिद्रं उघडी आणि खोल असतात, ती भरली नाहीत तर लॅकर महिनोन् महिने आत बसत जातं आणि वर खाचा उमटतात. ॲल्डरचं अंग मिटलेलं असतं, त्याला इतकं भरावं लागत नाही. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी लिओ फेंडरच्या कारखान्यात १९५४ साली स्ट्रॅटोकास्टर निघाली ती ॲशची. १९५६ च्या मध्यापासून बहुतेक स्ट्रॅटोकास्टर ॲल्डरच्या होऊ लागल्या. ॲश राहिलं ते मुख्यतः फिक्या, लाकूड दाखवणाऱ्या ‘ब्लाँड’ रंगाच्या गिटारींसाठी.

छिद्रं भरली की सीलर, सीलरवर रंग, रंगावर पारदर्शक लॅकरचे हात. प्रत्येक हातानंतर वाळू द्यायचं, घासायचं, पुन्हा हात. शेवटी पाण्यात भिजवलेल्या अतिबारीक पेपरने घोटून बफिंग. या सगळ्यात डोळ्यांचं पारणं फिटतं ते सनबर्स्ट करताना. बॉडी आधी पिवळी करून घेतात. मग स्प्रे गन कडेशी धरायची, तोंड बाहेरच्या बाजूला, म्हणजे उडणारे तुषार मध्यावरच्या पिवळ्यावर पडत नाहीत. गन थांबवायची नाही. हात जिथे थबकतो तिथे रंग साचतो. काळपट तपकिरी कडेला दाट, आत येता येता विरळ, आणि मग कुठे संपला ते सांगता येऊ नये. १९५८ पासून फेंडरने काळ्या आणि पिवळ्याच्या मधे लाल घातला आणि सनबर्स्ट खरोखरच मावळतीच्या आभाळासारखा दिसू लागला. त्यात व्यवहारही होता: गडद कडेखाली जोडलेल्या फळ्यांचे सांधे झाकले जात. पण ती कड ज्या सफाईने विरत जाते त्यात हिशेबापलीकडचं काही असतं. यंत्रांच्या घरघरीत, दिवसाचा ठरलेला आकडा गाठायच्या घाईत कुणीतरी प्रत्येक बॉडीवर तो सूर्य वेगळा मावळवला आहे.

त्या काळचं लॅकर नायट्रोसेल्युलोजचं. गिटारवाले त्याला नुसतं ‘नायट्रो’ म्हणतात. त्याचा जन्म कापसातून झाला. १८४६ साली बाझल इथल्या शोनबाइन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने कापसावर नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लाची क्रिया केली आणि भडका उडणारा कापूस तयार झाला, तो बंदुकीच्या दारूच्या जागी वापरला जाऊ लागला. आम्लाची मात्रा कमी ठेवली तर तोच कापूस द्रावकात विरघळतो आणि वाळल्यावर चिवट, चकचकीत पापुद्रा मागे ठेवतो. अमेरिकेतली ड्युपाँ कंपनी मुळात बंदुकीची दारू बनवणारी. पहिल्या महायुद्धानंतर काही वर्षांतच तिने या पापुद्र्यापासून मोटारींचा रंग काढला, त्याचं नाव ड्युको. तोवर मोटारीला ब्रशने वार्निशचे हात देऊन वाळवायला आठवडे जात. ड्युको स्प्रेने मारता येई आणि तासाभरात हात लावण्याजोगा वाळे. १९२० च्या दशकात जनरल मोटर्सच्या गाड्या या रंगात रस्त्यावर आल्या आणि जगातल्या सगळ्या कारखान्यांनी त्याचा धडा घेतला. आपल्याकडच्या गॅरेजात आणि फर्निचरच्या कामावर ‘ड्युको मारून देतो’ हे आजही ऐकू येतं, ते त्याच डब्याचं नाव.

मिशिगनमधल्या कॅलामझू इथे गिब्सनच्या कारखान्यानेही वार्निश सोडून हेच लॅकर धरलं. लाकडावर ते फार देखणं दिसतं. कारण त्यात रासायनिक क्रिया होऊन काही घट्ट होत नाही. नुसता द्रावक उडून जातो आणि लॅकर उरतं. म्हणून नवा हात दिला की खालचा जुना हात थोडा विरघळतो आणि दोन्ही एकजीव होतात. दहा हात दिले तरी थर एकच. आणि म्हणूनच पन्नास वर्षांनीही त्यावर थिनर पडला तर ते पुन्हा विरघळतं. म्हणजे एका अर्थाने ते कायमचं वाळतच नाही. ते हळूहळू आकसत राहतं, लाकडाच्या रेषांत बसत राहतं, पिवळं होत राहतं. त्याचं सगळं आयुष्य अजून चालू असतं.

मुंबईच्या पावसाळ्यात या लॅकरची आणखी एक खोड कळते. एका वर्कशॉपमध्ये मी पॉलिशवाल्या काकांचं काम पाहत बसलो होतो. बाहेर पाऊस नव्हता, पण हवा जड होती. त्यांनी टाकाऊ फळीवर एक हात मारून पाहिला. आधी काचेसारखी चकाकी आली, आणि पाहता पाहता तिच्यावर दुधाळ पांढरं सावट पसरलं. द्रावक उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतली वाफ त्यावर उतरते आणि ओल्या थरात अडकते. काकांनी गन खाली ठेवली. म्हणाले, ‘‘आज नाही साहेब. उद्या ऊन पडलं तर बघू. हवेला नको असलं की रंग बसत नाही.’’ त्यांनी कुणाशी वाद घातला नाही, घाई केली नाही. गन धुऊन ठेवली आणि दुसऱ्या फळीचं घासकाम काढलं. हवेची मर्जी सांभाळणारं हे काम मला त्या दिवसापासून जास्तच आवडू लागलं.

पण रंगांची खरी मौज झाली ती फुलर्टनला. पन्नाशीच्या दशकाच्या उत्तरार्धात फेंडरने जाहीर केलं की गिऱ्हाइकाला सनबर्स्ट नको असेल तर ड्युपाँच्या ड्युको रंगांतला हवा तो रंग मिळेल, पाच टक्के जास्त पैसे पडतील. हे रंग मोटारींचे होते. फिएस्टा रेड फोर्डच्या थंडरबर्डचा. सोनिक ब्लू, डॅफ्ने ब्लू, लेक प्लॅसिड ब्लू कॅडिलॅकचे. सर्फ ग्रीन शेव्हरलेचा, शेल पिंक डीसोटोचा, बर्गंडी मिस्ट ओल्ड्समोबिलचा. अमेरिकेत तेव्हा घरोघरी गाडी येत होती आणि पोराटोरांना बापाच्या गाडीचा रंग आपल्या गिटारला हवासा वाटला यात नवल नाही. पुढे १९६३ साली गिब्सनने फायरबर्ड काढली तेव्हा तिचा आकार रेखायला रे डीट्रिच हा मोटारींचा नामवंत रेखनकारच बोलावला आणि तिच्यासाठीही रंगांची अशीच यादी केली. पेलम ब्लू, इन्व्हर्नेस ग्रीन ही त्यातली नावं. आणि अटलांटिकच्या पलीकडे ब्रिटनमध्ये, जिथे दुसऱ्या महायुद्धानंतर बरीच वर्षं अमेरिकन गिटारी आयात होत नव्हत्या, तिथे १९५९ साली गायक क्लिफ रिचर्डने आपला गिटारवादक हँक मार्विनसाठी एक लाल स्ट्रॅटोकास्टर मागवली. मार्विनच्या हातात ती पाहिलेल्या इंग्रज मुलांच्या एका पिढीने गिटार म्हणजे लाल रंगाची, हे मनाशी ठरवून टाकलं.

या मोटारींच्या रंगांनी पुढे जे केलं ते त्यांच्या डब्यावर लिहिलेलं नव्हतं. वरचं पारदर्शक लॅकर वयाबरोबर पिवळं पडत गेलं. त्याच्या आड ऑलिंपिक व्हाइट सायीच्या रंगाचा झाला, कुठे कुठे लोण्याच्या रंगापर्यंत गेला. सोनिक ब्लू आणि लेक प्लॅसिड ब्लूवर हिरवट झाक आली. आज एखादी जुनी ‘हिरवी’ स्ट्रॅटोकास्टर उघडून पिकगार्ड काढलं, की त्याखाली, जिथे ना ऊन पोचलं ना धूर, तिथे तिचा मूळ निळा दिसतो. काही वेळा याहून गंमत असते. फेंडरमध्ये मागणी आली की तयार सनबर्स्ट बॉडीवरच नवा रंग मारून टाकायचे. तीस-चाळीस वर्षं वाजवून वाजवून वरचा लाल झिजला की कोपराखालून खालचा सनबर्स्ट डोकावू लागतो, त्याच्याही खालून पिवळा, आणि मग लाकूड. गिटारचं बालपण तिच्या म्हातारपणी उघडं पडतं.

गिब्सनच्या लाल रंगाची गोष्ट मला सर्वात जवळची वाटते. १९५२ साली लेस पॉल या गिटारवादकाच्या नावाने निघालेली गिटार आधी सोनेरी होती. लॅकरमध्ये पितळी भुकटी मिसळलेली. जिथे वादकाचा हात घासे तिथे लॅकर उडे, घाम त्या भुकटीला भिडे आणि सोन्यावर हिरवा गंज धरे. जुन्या सोनेरी लेस पॉलच्या वरच्या कडेला तो हिरवा डाग आजही दिसतो. १९५८ साली सोनं बाजूला ठेवून मॅपलच्या फळीवर चेरीचा लाल सनबर्स्ट दिला गेला. त्यातला लाल रंगद्रव्याचा भाग उन्हात टिकत नव्हता, हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. काही गिटारी दुकानाच्या काचेमागे दक्षिणेकडच्या उन्हात उभ्या राहिल्या आणि काही वर्षांतच त्यांचा लाल पार निघून गेला, उरला तो लिंबाचा पिवळा. काही घरातल्या मंद उजेडात मधाच्या रंगाच्या झाल्या. काही चहासारख्या तपकिरी. ज्या पेटीतच राहिल्या, त्या आजही लालबुंद आहेत. कंपनीने १९६० च्या सुमारास न उडणारा लाल आणला, आणि त्या नव्या लालीपेक्षा लोकांनी जीव टाकला तो उडालेल्या जुन्यांवर. त्या दोन-तीन वर्षांतल्या गिटारींना आज घरांच्या किमती मिळतात. कारखान्याच्या दृष्टीने तो दोषी रंग होता. उन्हाने त्याच्यातून प्रत्येक गिटारला तिचा स्वतःचा रंग काढून दिला.

थंडीचं काम याहून बारीक. बर्फाळ गावातून पेटीत बंद करून आणलेली गिटार गरम खोलीत एकदम उघडली की लाकूड एका गतीने फुगतं, लॅकर दुसऱ्या गतीने, आणि दोघांची ताणाताण लॅकरला सोसत नाही. बारीक टक्क असा आवाज होतो आणि लॅकरवर केसासारख्या आडव्या रेषा उमटतात. म्हणून दूरवरून आलेली गिटार पेटीतच काही तास तशीच राहू द्यावी, असं जाणकार बजावतात. आणि तरीही जुन्या गिटारीवरच्या त्या रेषा सुंदर दिसतात. उजेडात तिरपी धरली की त्या दिसतात, सरळ धरली की नाहीशा होतात.

आणि मग माणसाचा हात. आयर्लंडचा गिटारवादक रोरी गॅलाघर याने १९६३ साली कॉर्कमधल्या क्रॉलीजच्या दुकानातून एक १९६१ ची सनबर्स्ट स्ट्रॅटोकास्टर शंभर पौंडांना घेतली. काही वर्षांत ती चोरीला गेली आणि पावसात भिजत, खड्ड्यात पडलेली सापडली. त्यानंतर त्याने ती कधी सोडली नाही. तो रंगमंचावर घामाने चिंब होईतो वाजवायचा, आणि घामाने, हाताने, पट्ट्याने त्या गिटारचा जवळजवळ सगळा रंग निघून गेला. राहिलं ते काळपट, डागाळलेलं लाकूड आणि कडेला रंगाचे काही तुकडे. नकाशात उरलेल्या बेटांइतके. तिला पुन्हा रंगवून घ्यावं असं त्याला वाटलं नाही. गॅलाघर १९९५ साली गेला. २०२४ मध्ये लंडनला बॉनहॅम्सच्या लिलावात ती गिटार आठ लाख ऐंशी हजार पौंडांहून अधिक किमतीला गेली आणि घेणाऱ्याने ती आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयाला दिली. कारखान्याने दिलेला रंग जवळजवळ संपला, तेव्हा ती एका देशाची ठेव झाली.

कुणी रंग झिजू देतं, कुणी स्वतःच्या हाताने बदलतं. बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनने १९६७ मध्ये आपल्या सोनिक ब्लू स्ट्रॅटोकास्टरवर चकाकणारे रंग फासले, पत्नी पॅटी बॉइडचं नखांना लावायचं पॉलिशही त्यात वापरलं आणि गिटारला ‘रॉकी’ म्हटलं. पुढच्याच वर्षी, ऋषिकेशच्या आश्रमातल्या मुक्कामानंतर, त्याने आणि जॉन लेननने आपापल्या एपिफोन कसिनो गिटारी खरवडून उघड्या केल्या. सोबत आश्रमात असलेल्या गायक डोनोव्हनने त्यांना हे सुचवलं, असं सांगतात. लाकूड मोकळं झालं की आवाज खुलतो, ही त्यामागची श्रद्धा. ३० जानेवारी १९६९ ला लंडनच्या सॅव्हिल रो रस्त्यावरच्या गच्चीवर बीटल्स शेवटचे जाहीर वाजवत होते तेव्हा लेननच्या गळ्यात तीच उघडी कसिनो होती. कसिनो आतून पोकळ, तेव्हा तिच्या फळीवरचा थर उतरल्याने फरक पडू शकतो. आणि गिटारवादक एडी व्हॅन हेलनने जोडजोड करून बांधलेल्या आपल्या गिटारवर चिकटपट्ट्या लावून काळ्या-पांढऱ्या रेघा ओढल्या, वर सायकलचा लाल रंग मारला. त्या रेघा आज जगभरचं पोर ओळखतं.

साठीच्या दशकाच्या अखेरीला फेंडरने नायट्रो बाजूला सारून पॉलिएस्टर धरलं. त्याची रीत निराळी. त्यात हार्डनर घातला की रेणू एकमेकांना घट्ट गुंफतात आणि जो थर तयार होतो तो पुन्हा कशानेही विरघळत नाही. एका हातात जाड बसतो, लाकूड काचेखाली ठेवल्यासारखं दिसतं, ऊन-घामाला भीक घालत नाही. सत्तरीतल्या गिटारींवर हा थर फार जाड असे आणि त्यावर लोकांनी खूप राग काढला. आपटला तर त्याचा टवका उडतो. झिजत मात्र नाही. पॉलियुरेथेनही असंच, जरा पातळ आणि लवचीक. आज इंडोनेशिया, चीन, कोरियात बनणाऱ्या बहुतेक गिटारी याच दोन रंगांत न्हालेल्या असतात. काही ठिकाणी तर अतिनील दिव्याखाली काही क्षणांत वाळवतात.

या थराला नावं ठेवणं सोपं आहे, पण मला ते पटत नाही. दादरच्या चाळीत, पंख्याखाली, जुलैच्या दमटपणात एखादी मुलगी पहिली गिटार वाजवायला बसते. ती गिटार दर महिन्याचे पैसे साठवून घेतलेली असते. तिचं पॉलिएस्टर तिचं लाकूड सांभाळतं, गळ्याचा चिकटपणा टाळतं, भिंतीला घासली तरी तिला दुखापत होऊ देत नाही. भरीव बॉडीच्या गिटारीत रंगामुळे आवाज बदलतो, असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांवर मी विश्वास ठेवत नाही. पिकअप, तारा, ॲम्प्लिफायर आणि बोटं यांच्यापुढे त्या थराचा वाटा नगण्य आहे. पॉलिएस्टरवर माझा आक्षेप एकच: ते काही लक्षात ठेवत नाही. वीस वर्षं वाजवलेली आणि दोन महिने वाजवलेली गिटार त्याच्यात सारखीच दिसते.

सर्वात जुन्या रीतीही अजून जिवंत आहेत. पळस, बोर आणि कुसुमाच्या फांद्यांवर किडे लाख स्रवतात. ती खरवडून, गाळून, चपडा करून स्पिरिटमध्ये विरघळवतात आणि कापसाच्या बोळ्याने लाकडावर गोल गोल घोटतात. झारखंड, छत्तीसगड हे या लाखेचे मोठे प्रदेश. आपल्या गोंदिया-गडचिरोलीतही ती निघते, आणि रांचीजवळ तिच्यावर संशोधन करणारी संस्था १९२४ पासून आहे. मिरजेत तंबोऱ्याच्या भोपळ्यावर कारागीर फ्रेंच पॉलिशचा हात देतात तो याच लाखेचा. मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या ग्रामोफोनच्या तबकड्या तिच्याच, म्हणजे बालगंधर्वांचा आवाज लाखेतून आपल्यापर्यंत आला. इलेक्ट्रिक गिटारवर लाख कमी दिसते, कारण ती घामाला, मद्याला आणि उष्णतेला हळवी आहे. पण एकट्याने गिटारी घडवणारे काही कारागीर ती हौसेने वापरतात.

तेल याहूनही साधं. जवसाचं किंवा टंगचं तेल चिंधीने चोळायचं, थांबायचं, पुसायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा. जाड थर असा बसतच नाही, तेल लाकडात मुरून तिथेच घट्ट होतं. म्युझिक मॅन कंपनीच्या बऱ्याच गिटारींचे गळे बंदुकीच्या दस्त्याला लावायच्या तेलाने आणि मेणाने तयार होतात, आणि त्यावरून अंगठा ज्या सहजतेने सरकतो ती सहजता कुठल्याच लॅकरला साधत नाही. या कामात एक भय आहे, ते प्रत्येकाने लक्षात ठेवावं. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या चुरगाळून कोपऱ्यात टाकल्या तर त्या आपोआप तापतात आणि पेट घेतात. त्या पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवाव्यात. रंगाच्या प्रत्येक रीतीत कुणाच्या तरी जिवाचा प्रश्न असतो. नायट्रोच्या थिनरची वाफ ठिणगीची वाट पाहत असते, पॉलियुरेथेनच्या हार्डनरमधली आयसोसायनेटं दमा जडवतात. चकचकीत गिटार हातात घेताना, मास्क लावून बंद खोलीत ती रंगवत उभ्या असलेल्या माणसाची आठवण ठेवावी, असं मला मनापासून वाटतं.

१९९५ साली फेंडरच्या कस्टम शॉपने नव्याच गिटारी जुन्या करून विकायला काढल्या. रंग खरवडलेला, धातू गंजवलेला, लॅकर तडकवलेलं. काम कसबी आहे, आणि झिजलेला गळा हाताला किती आपला वाटतो हे मला ठाऊक आहे. तरी तशी गिटार मी घेणार नाही. तिथे कोपराखालचा रंग उडालेला असतो, पण कोपर कुणाचाच नसतो. ज्या संध्याकाळी वाजवल्या गेल्या नाहीत, त्यांच्या खुणा विकत घेऊन आपण काय करणार?

तेव्हा ज्यांच्या घरी गिटार आहे त्यांना माझं एवढंच सांगणं. वाजवून झालं की मऊ सुती फडक्याने घाम पुसा. लॅकर नायट्रोचं असेल तर रबराच्या किंवा फोमच्या स्टँडवर ती ठेवू नका, त्यातली रसायनं लॅकर विरघळवतात आणि चट्टा कायमचा राहतो. गाडीच्या डिकीत उन्हात सोडू नका, थंडीतून आणल्यावर पेटी लगेच उघडू नका. एवढं केलंत की पुरे. पहिला ओरखडा पडला म्हणून तिला कपाटात ठेवू नका. रोज खाली काढा आणि वाजवा.